दुरुस्ती हीसुद्धा घरबांधणीच

सरकारी घरकुल योजनांचा हिशेब आपल्याकडे दोन आकड्यांत मांडला जातो: किती घरे मंजूर झाली आणि किती पूर्ण झाली. पूर्ण झालेल्या घराचा फोटो संगणकावर चढला, शेवटचा हप्ता खात्यात पडला की फाइल बंद होते. त्या घरात पुढची तीस-चाळीस वर्षे माणसे कशी राहतात, पावसाळ्यात भिंती किती ओलावतात, एप्रिल-मेच्या रात्री म्हातारी माणसे झोपू शकतात का, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे की आधीच बांधलेल्या, जुन्या होत चाललेल्या घरकुलांची नीट दुरुस्ती करणे हे नवी घरे बांधण्याइतकेच सरकारी कर्तव्य आहे. गोव्याच्या खाणपट्ट्यात ते नव्या घरांपेक्षाही तातडीचे आहे, आणि तिथे त्याचा खर्च खनिजाच्या पैशातून व्हायला हवा.

हे म्हणणे मी सुर्ल्याच्या आधाराने मांडतो. सुर्ला म्हणजे डिचोली तालुक्यातले, मांडवीच्या खोऱ्यातले. सत्तरीत चोर्ला घाटावर आहे ते सुर्ला वेगळे. पाळी, वेळगे, न्हावेली, कुडणे या शेजारच्या गावांप्रमाणे सुर्ल्याचे गेल्या काही पिढ्यांचे आयुष्य लोहखनिजाभोवती फिरले. डोंगर खणायचा, माल ट्रकांतून धक्क्यावर न्यायचा, तिथून बार्जेसनी मुरगाव बंदराकडे. २०१२ साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर खाणी थांबल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर पुन्हा सुरू झाल्या आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा बंद पडल्या. आता लिलावाने नवे खनिज गट दिले जात आहेत आणि त्यांत ‘सुर्ला-सोनशी’ नावाचाही एक आहे. या चढउतारांत ट्रकमालक, बार्जमालक, कामगार यांच्या उत्पन्नाची चर्चा पुष्कळ झाली. घरांची झाली नाही.

एके काळी घरांची दखल कायद्यातच होती. लोहखनिज कामगारांच्या कल्याणासाठी १९६१ मध्ये केंद्राने उपकराचा कायदा केला आणि १९७६ मध्ये लोह, मँगनीज आणि क्रोम खाणींसाठी नवा उपकर व कल्याण निधी आला. या निधीच्या उद्देशांत दवाखाने, शिष्यवृत्त्या यांच्या जोडीला कामगारांची घरे होती. जमिनीतून काढलेल्या प्रत्येक टनामागे काही पैसे ते काढणाऱ्या माणसाच्या छपरासाठी बाजूला पडावेत, हे तत्त्व देशाने त्या वेळी स्वीकारले होते. २०१६-१७ च्या करफेरांत हे उपकर गेले. तत्त्व मात्र चुकीचे ठरले नव्हते. खाणपट्ट्यातल्या घरांसाठी खनिजाचा पैसा मागणे ही नवी मागणी नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

आता घरांकडे वळू. खाणगावांत सार्वजनिक पैशातून किंवा त्याच्या आधाराने झालेली घरे अनेक प्रकारची आहेत. इंदिरा आवास योजनेतली घरे, वीस कलमी कार्यक्रमातल्या भूखंडांवर उभी राहिलेली घरे, आदिवासी कल्याण खात्याच्या साहाय्याने बांधलेली घरे, २०१६ नंतरची प्रधानमंत्री आवास योजनेची घरे. शहराकडे गेले की १९६८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या कुटुंबाला १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये हे मूळ साहाय्य होते आणि घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर. एवढ्या पैशात चार भिंती आणि माथ्यावर काहीतरी उभे राहते. ओसरी, लांब पागोळी, उंच माळा, मागचे-पुढचे दार हे सगळे ‘जास्तीचे’ म्हणून गळते. इंदिरा आवास योजनेत निधीचा काही हिस्सा कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी वापरायची मुभा तरी होती. नव्या ग्रामीण योजनेचा सगळा भर नवे पक्के घर उभे करण्यावर आहे.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सुर्ल्याचा अक्षांश सुमारे साडेपंधरा. म्हणजे मेच्या सुरुवातीला, ऐन उन्हाळ्यात, सूर्य दुपारी बरोबर माथ्यावर असतो. बैठ्या, एकमजली घराला त्या दिवसांत सगळ्यांत जास्त ऊन भिंतींतून लागत नाही, छपरातून लागते. सिमेंटची उघडी स्लॅब दिवसभर तापते आणि शोषलेली उष्णता संध्याकाळनंतर खोलीत सोडत राहते. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत पंखा गरम हवाच फिरवत असतो. हीच स्लॅब पावसाळ्यात गळते. पाणी साचते, बारीक चिरांतून आत शिरते, सळ्या गंजतात, गंजून फुगतात, आणि फुगलेली सळी खालचे प्लास्टर ढकलून पाडते. उन्हाळ्यातला ताप आणि पावसाळ्यातली ओल या एकाच छपराच्या दोन तक्रारी आहेत. म्हणून दुरुस्तीची सुरुवातही छपरापासूनच व्हावी लागते.

गोव्यातल्या लोकांनी यावर स्वतःच उत्तर शोधले आहे. स्लॅबवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पत्रे घालायचे. डिचोलीपासून काणकोणपर्यंत कुठेही जा, उतरत्या पत्र्यांची ही दुसरी छपरे दिसतात. वास्तुरचनाकार त्यांना कुरूप म्हणतात आणि पंचायती त्यांच्याकडे संशयाने पाहतात, कारण आज पत्रे घातले की उद्या तिथे खोली होईल. पण शास्त्र लोकांच्या बाजूने आहे. स्लॅबच्या वर दोन-तीन फुटांची, बाजूंनी मोकळी पोकळी ठेवली की ऊन पत्र्यावर अडते, मधली गरम हवा वाऱ्याने निघून जाते आणि स्लॅब सावलीत राहते. पत्रा भिंतीच्या बाहेर पुरेसा काढला तर भिंतीवरचा पावसाचा मारा आणि उन्हाचा तडाखा दोन्ही थांबतात. कौलारू घरांची जुनी पागोळी हेच करत होती. म्हणजे गळती थांबवायला केलेला खर्च घर थंड ठेवायलाही उपयोगी पडतो. त्यासाठी तो नीट केला पाहिजे: उतार पुरेसा, बाजू मोकळ्या, पत्रा हलक्या रंगाचा, सांगाडा भिंतीत पक्का बांधलेला. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने सैल बांधलेल्या छपरांचे काय होते ते गोव्याला दाखवले आहे.

दुसरीकडून आणलेला उपाय इथे जसाच्या तसा चालत नाही, हेही यात दिसते. अहमदाबादेत २०१७ पासून झोपडपट्ट्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचा कार्यक्रम चालला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. कोरड्या हवेत हे फार उपयोगाचे आहे. पण गोव्याच्या पावसात पांढऱ्या स्लॅबवर एका चातुर्मासात शेवाळ चढते आणि ती काळी पडते. दर वर्षी धुऊन रंगवता येत असेल तर ठीक. नसेल तर इथला टिकाऊ उपाय म्हणजे सावली. धोरण दिल्लीत ठरले तरी छप्पर डिचोलीच्या हवेप्रमाणेच ठरले पाहिजे.

जुन्या घरांचा आणखी एक प्रश्न आहे, त्याच्याकडे बहुतेकांचे लक्षच नाही. स्वस्त म्हणून कित्येक घरांवर सिमेंटचे पत्रे घातले गेले. त्यांतल्या अनेकांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी. पण तो फुटला, त्याला भोके पाडली, करवतीने कापला की त्याचे सूक्ष्म तंतू हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटना अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांना कर्करोगकारक मानते. पावसाच्या तोंडावर घाईघाईने पत्रे फोडून काढणारा मजूर आणि खाली खेळणारी पोरे दोघांनाही हा धोका असतो. असे पत्रे ओले करून, न फोडता, तोंडावर योग्य मास्क लावून उतरवावे लागतात आणि त्यांची विल्हेवाटही वेगळी करावी लागते. एकेका कुटुंबाने हे स्वतःच्या खर्चाने करावे अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. हे सार्वजनिक काम आहे.

भिंतींचे दुखणे वेगळे. आपले चिरे सच्छिद्र असतात. पाया आणि जोत्यामधून पाणी वर चढते आणि चिरा ते धरून ठेवतो. जुन्या घरांत चुन्याचा गिलावा असे, तो ओल बाहेर टाकत असे. आता चिऱ्यावर जाड सिमेंटचे प्लास्टर आणि त्यावर तेलकट रंग. बाहेरून चीर पडली की पाणी आत जाते, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशी धरते, गादीला वास येतो. चढणाऱ्या ओलीवर पुन्हा प्लास्टर चढवून काही होत नाही. घराभोवती गटार काढून पाणी दूर न्यायला हवे, जोते उघडे करायला हवे, प्लास्टर खालच्या दोन-तीन फुटांत काढून तिथे श्वास घेऊ शकेल असा गिलावा द्यायला हवा. ही कामे स्वस्त आहेत, पण त्यांना जाणकार गवंडी लागतो आणि नेमकी तशी कामे करणारे हात कमी होत चालले आहेत.

आणि मग धूळ. खाणपट्ट्यातल्या घराचा सगळ्यांत अवघड प्रश्न हाच. थंड राहण्यासाठी घराला वारा हवा, आणि वारा आला की धूळ येते. ऑक्टोबर ते मे हाच खाणीचा आणि ट्रकांचा हंगाम, हाच उकाड्याचाही. म्हणून रस्त्याकडेच्या घरांतली खिडकी उघडायची की लावून घ्यायची, हा प्रश्न तिथल्या बायकांसमोर रोज उभा असतो. त्यांचा, लहान मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा दिवस घरातच जातो. १९९७ साली ‘टेरी’ संस्थेने गोव्याच्या खाणपट्ट्याचा पर्यावरण व्यवस्थापन आराखडा केला, तेव्हापासून धुळीचा विषय अधिकृत कागदांवर आहे. २०१७ मध्ये सोनशीच्या लोकांनी धूळ आणि पाण्याच्या प्रश्नावर ट्रक अडवले आणि गावकऱ्यांना, बायकांसकट, तुरुंगात जावे लागले.

इथे एक आक्षेप न्याय्य आहे. धूळ उगमापाशी रोखायची सोडून लोकांची घरे बंदिस्त का करायची? उत्तर असे की दोन्ही हवे, आणि क्रमही तोच. वेगळा खाण रस्ता, झाकलेला माल, ओला रस्ता, वाहतुकीच्या वेळांचे काटेकोर पालन हे आधी. घराची दुरुस्ती खाण कंपनीची जबाबदारी कमी करत नाही. पण ट्रक थांबलेल्या काळातही घर तापते आणि ओलावते. शिवाय खिडकीची रचना बदलून बरेच साधता येते: रस्त्याकडची बाजू बंद, मागच्या परसाकडे मोठी जाळीची खिडकी, भिंतीच्या वरच्या भागात गरम हवा निघून जाण्यासाठी झरोका, आणि ट्रकांची वर्दळ थांबते तेव्हा रात्री हवा खेळती ठेवायची सोय. राजकोटमध्ये प्रधानमंत्री आवास योजनेच्या ‘स्मार्ट घर’ प्रकल्पात १,१७६ सदनिकांसाठी भारतीय-स्विस तज्ज्ञांनी मुख्यतः खिडक्या, सावली आणि वायुवीजनाची रचना सुधारली आणि उन्हाळ्यातल्या खोलीच्या तापमानात लक्षणीय घट दाखवली. महागडे यंत्र न घेता.

घर आणि रोग यांचा संबंध हा काही अंदाजाचा विषय राहिलेला नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. तो २०१८ मध्ये पुढे आला. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा ठिकाणी इमारती इतक्या दाटीने उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि क्षयरोगाचा संबंध या कोंदटपणाशी आहे, असे त्या अभ्यासाने दाखवले. झोपडीतून पक्क्या घरात गेलेली माणसे आजारी पडली, कारण पक्के घर आणि निरोगी घर एकच असते असे आपण गृहीत धरले होते. न्यूझीलंडमध्ये प्रश्न उलट, थंडीचा. तिथे कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या १,३५० घरांना उष्णतारोधक आवरण घालून, काहींना आधी आणि काहींना नंतर, असा रीतसर प्रयोग झाला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार घरे उबदार आणि कोरडी झाली आणि शाळेचे, कामाचे खाडे पडणाऱ्या दिवसांची संख्या घटली. हवामान वेगळे, तत्त्व एकच: घरावर केलेला खर्च दवाखान्यात वाचतो.

विजेचे गणितही याच वाटेने जाते. खाणगावातल्या कुटुंबाचे आजचे वीजबिल फार मोठे नसेल. पण तापणाऱ्या स्लॅबखाली राहणारे कुटुंब हातात पैसा आला की पहिल्यांदा एसी घेईल, आणि त्यांनी तो घेऊ नये असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. छप्पर सावलीत आणले, मागे-पुढे वारा खेळता ठेवला आणि पंच्याहत्तर वॅटच्या जुन्या पंख्याऐवजी तीस-पस्तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला, तर पुष्कळ घरांत एसीची गरज पडणार नाही, आणि जिथे पडेल तिथे तो कमी वेळ चालेल. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळते. पण सौर पॅनेल गळक्या, सळ्या उघड्या पडलेल्या स्लॅबवर बसवता येत नाहीत. आधी छप्पर, मग पंखा, मग पॅनेल, हाच योग्य क्रम. न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली अजून लाकडे जळत असतील तर तो धूर घराबाहेर काढणे, आणि ओल्या भिंतींतल्या जुन्या वायरिंगला अर्थिंग व सुरक्षा स्विच देणे, हेही याच कामात आले पाहिजे.

यावर लोक म्हणतील की अशी जुनी घरे पाडून नवी का बांधू नयेत? मुंबईने या प्रश्नाचे एक उत्तर दिले आहे. तिथे १९६९ च्या कायद्याने जुन्या भाड्याच्या इमारतींसाठी दुरुस्ती मंडळ आणि दुरुस्तीचा उपकर आला. १९,६४२ इमारती त्यात आल्या. हळूहळू जमिनीचे भाव चढले आणि दुरुस्तीची जागा पुनर्विकासाने घेतली, कारण वाढीव चटईक्षेत्रातून बिल्डरचा नफा निघत होता. सुर्ल्यात तो नफा नाही. तिथे कोणी बिल्डर येऊन जुने घरकुल पाडून फुकट टॉवर बांधून देणार नाही. दुरुस्ती झाली नाही तर काहीच होणार नाही. शिवाय पाडणे म्हणजे घरात आधीच गेलेले चिरे, सिमेंट, लोखंड आणि मजुरी फेकून देणे. फ्रान्समध्ये बोर्दो शहरातल्या ग्राँ पार्क वसाहतीत लाकातों आणि व्हासाल या वास्तुरचनाकारांनी ५३० सदनिका, आत राहणाऱ्या भाडेकरूंना न हलवता, सुधारून मोठ्या आणि उजेडाच्या केल्या. २०२१ मध्ये त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळाले. पाडण्याला पर्याय नाही, हा समज त्यांनी खोटा ठरवला.

दुसरा आक्षेप: घर मिळाले, ते आता कुटुंबाचे, त्याची देखभाल त्यांनीच करावी. रंगरंगोटी, दाराची कडी, नळाची तोटी ही त्यांचीच कामे, आणि ती ते करतातच. पण जी रचनाच सरकारी अनुदानाच्या मर्यादेमुळे उणी राहिली, जे पत्रे सरकारी योजनेच्या पैशातून बसले, जी धूळ सरकारने परवानगी दिलेल्या खाणीतून आली, त्यांचा भार एकट्या कुटुंबावर टाकता येत नाही. सिंगापूरने २००७ पासून सार्वजनिक वसाहतींसाठी घरसुधार कार्यक्रम चालवला आहे. सुटलेले काँक्रीट, गळती यांसारखी अत्यावश्यक दुरुस्ती नागरिकांसाठी सरकार पूर्ण खर्चाने करते आणि ऐच्छिक सुधारणांसाठी कुटुंबे थोडा वाटा देतात. तिथली घरे रहिवाशांच्या नावावर आहेत, तरी सरकारने हात झटकलेले नाहीत. हवामान आपल्यासारखेच दमट, दुखणेही तेच: गंजलेली सळी.

गोव्यात एक अडचण फार खोलवर रुतली आहे, ती जमिनीच्या मालकीची. कोणी मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा, कोणाचे घर कोमुनिदादच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर, कोणाचे सरकारी जागेत. १९७५ च्या मुंडकार कायद्याने हाकलून दिले जाण्यापासून संरक्षण दिले, पण मालकीचे दावे वर्षानुवर्षे चालतात. कागद नाही म्हणून परवाना नाही, परवाना नाही म्हणून अनुदान नाही, आणि निकाल लागेपर्यंत छप्पर गळत राहते. मालकी आणि दुरुस्ती या दोन गोष्टी वेगळ्या केल्याच पाहिजेत. सध्याच्या चौथऱ्यात, मजला न वाढवता, आरोग्यासाठी केलेल्या दुरुस्तीने कोणाचाही मालकी हक्क सिद्ध किंवा रद्द होत नाही, असे कायद्यात स्पष्ट म्हणता येईल. घरात राहणाऱ्या मुलाचे फुप्फुस जमिनीच्या निकालाची वाट पाहू शकत नाही.

पैसा कुठून? २०१५ च्या दुरुस्तीने खाण कायद्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. खाणींनी बाधित झालेल्या लोकांच्या हितासाठीच हा निधी आहे. जुन्या लीजधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने लीज मिळवणाऱ्यांनी १० टक्के रक्कम यात भरायची असते. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत किमान ७० टक्के खर्च अग्रक्रमाच्या बाबींवर करायला सांगितले आहे आणि त्यांत आरोग्य, पाणी, शिक्षण यांच्याबरोबर घरांचाही उल्लेख आहे. गोव्यात नव्या लीजा लिलावाच्या असल्यामुळे दर टनामागे कमी पैसा जमणार, म्हणून तो रस्ते आणि सभागृहांत विखुरण्याआधी घरांकडे वळवायला हवा.

कामाची पद्धतही ठरवता येते. गावातल्या प्रत्येक योजनेच्या घराची दोनदा पाहणी: एकदा एप्रिलमध्ये तापमानासाठी, एकदा ऑगस्टमध्ये ओलीसाठी. त्यातून प्रत्येक घराची गरज लिहून निघेल. पैसा दिवाळीपूर्वी हातात पडला पाहिजे, कारण बांधकामाचे दिवस ऑक्टोबर ते मे एवढेच. मार्चअखेर मंजूर झालेला निधी पहिल्या पावसात वाया जातो. खाणी बंद पडल्यावर ज्यांचे काम गेले, त्या तरुणांना चुन्याचा गिलावा, छपराचा सांगाडा, अ‍ॅस्बेस्टॉस सुरक्षितपणे उतरवणे, सुरक्षित वायरिंग ही कामे आयटीआयमधून शिकवता येतील. ही कामे गावातच राहतात, आणि दर वर्षी लागतात.

हे सगळे करण्याचे शेवटचे कारण खनिजाच्या स्वभावात आहे. सुर्ल्याच्या डोंगरातले लोखंड एकदाच निघते. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितली, ती पुढच्या पिढ्यांचा त्या संपत्तीवर हक्क आहे म्हणून. तोच विचार घरापर्यंत नेला पाहिजे. डोंगर गेल्यावर गावाकडे काय राहिले, या प्रश्नाला खड्डा आणि धूळ हे उत्तर असू शकत नाही. निदान कोरड्या भिंती, थंड छप्पर आणि उघडता येणारी खिडकी असलेली घरे राहिली पाहिजेत. ग्रामसभेने ही मागणी ठरावात घ्यावी, आणि खनिज प्रतिष्ठानाने ती उपकार म्हणून नव्हे तर देणे म्हणून मान्य करावी.